बूटलोडर : कळफलकाचे मागचे दार

हौसेने स्वतः जुळवलेला यांत्रिक कळफलक, त्यावर नवे फर्मवेअर चढवताना मध्येच निसटलेली यूएसबी केबल आणि त्यानंतर एकाही कळेला न मिळणारा प्रतिसाद, हा अनुभव या छंदात पडलेल्या पुष्कळांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. कित्येक संध्याकाळी खर्चून डाख दिलेले साठ-सत्तर खटके, निवडून मागवलेल्या कळांच्या टोप्या, धातूची पेटी, सारे जागच्या जागी असते. पण संगणकाच्या लेखी तिथे काहीच नसते. अशा कळफलकाची 'वीट झाली' असे म्हणण्याची पद्धत आहे. वजनापलीकडे त्याचा उपयोग उरलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात अशा विटांपैकी बहुतेक जिवंतच असतात. त्या पुन्हा उठणार की नाही हे दोनच गोष्टींवर ठरते : कळफलकातील मायक्रोकंट्रोलरमध्ये कोणता बूटलोडर आहे आणि त्या बूटलोडरचे दार कोण उघडते. नवे फर्मवेअर चढवण्याच्या आधी हे ठाऊक असेल तर प्रसंग पाच मिनिटांत निभावतो. नसेल तर चांगला कळफलक अडगळीत जातो.

कळफलक हा मुळात एक छोटा संगणकच असतो. आयबीएमने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या 'पर्सनल कॉम्प्युटर'च्या कळफलकातही इंटेलचा ८०४८ हा स्वतंत्र मायक्रोकंट्रोलर होता. तेव्हापासून आजवर त्याचे काम फारसे बदललेले नाही. कळांखालची आडव्या-उभ्या तारांची जाळी अखंड तपासत राहायचे, कोणती कळ दाबली गेली ते ओळखायचे आणि तिचा ठरलेला क्रमांक संगणकाकडे धाडायचा. पाच आडव्या आणि चौदा उभ्या तारांच्या जाळीत सत्तर कळा सामावतात आणि त्यासाठी मायक्रोकंट्रोलरच्या केवळ १९ पिना खर्ची पडतात. हे सारे करणारा जो प्रोग्रॅम, तेच कळफलकाचे फर्मवेअर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कळफलक संगणकाला क्रमांक पाठवतो, अक्षर नव्हे. इनस्क्रिप्ट पद्धतीत मराठी 'क' उमटवण्यासाठी इंग्रजी 'के'चीच कळ दाबावी लागते. कळफलकाकडून दोन्ही वेळा एकच क्रमांक जातो आणि त्याचा 'के' करायचा की 'क', हे संगणकातील प्रणाली ठरवते. तेव्हा मराठी टंकनासाठी कळफलकाचे फर्मवेअर बदलण्याची गरज नसते. ते बदलले जाते ते वेगळ्या कारणांसाठी : कंट्रोलची कळ अंगठ्याखाली आणणे, एकाच कळेला थोडा वेळ दाबल्यास एक आणि पटकन सोडल्यास दुसरे काम देणे, चाळीस कळांच्या छोट्या कळफलकावर थरांची योजना करून शंभर कळांचे काम भागवणे, मनगटाच्या दुखण्यामुळे सारी मांडणीच नव्याने रचणे इत्यादी.

जुन्या कळफलकांत हा प्रोग्रॅम चिप तयार होतानाच तिच्यात कायमचा कोरला जाई. तो पुसून नवा लिहिण्याची सोय झाली ती फ्लॅश मेमरीमुळे. तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ही मेमरी जगापुढे मांडली. तिच्यातील मजकूर पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी एका झटक्यात होते म्हणून तिला ते नाव पडले, आणि पुढे अशा मेमरीत प्रोग्रॅम भरण्यालाच 'फ्लॅश करणे' असे म्हटले जाऊ लागले. कळफलकांच्या छंदात आज सर्वाधिक चालणारे फर्मवेअर म्हणजे 'क्यूएमके'. जून वाको यांनी लिहिलेल्या 'टीएमके'मधून ते निघाले, जॅक हम्बर्ट यांनी त्याला स्वतंत्र रूप दिले आणि नंतर असंख्य हातांनी ते वाढवले. त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे.

स्वतःच्या बुटाची नाडी

आता प्रश्न असा की मायक्रोकंट्रोलरमध्ये नवा प्रोग्रॅम लिहायचा कोणी? यूएसबी केबलवरून येणारी माहिती समजून घ्यायलाही एक प्रोग्रॅम लागतो. आणि जो प्रोग्रॅम पुसायचा आहे तोच ते काम करीत असेल तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्यासारखे होईल. म्हणून मेमरीच्या एका कोपऱ्यात एक छोटासा, सहसा न बदलणारा प्रोग्रॅम राखून ठेवलेला असतो. वीज मिळाल्यावर किंवा रीसेट झाल्यावर तो जागा होतो, नवे फर्मवेअर यायचे आहे काय ते पाहतो, असल्यास ते मेमरीत उतरवून घेतो, नसल्यास मुख्य प्रोग्रॅमच्या हाती कारभार सोपवून बाजूला होतो. हाच बूटलोडर. बुटाला धरून स्वतःलाच वर उचलण्याची अशक्य कसरत सांगणारा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. संगणक सुरू होण्याच्या क्रियेला 'बूट' हे नाव त्यावरूनच मिळाले.

छंदातील कळफलकांवर दीर्घ काळ अधिराज्य गाजवलेली चिप म्हणजे अॅटमेलची 'एटीमेगा३२यू४'. (अॅटमेल कंपनी २०१६ मध्ये मायक्रोचिपने विकत घेतली.) तिची फ्लॅश मेमरी ३२,७६८ बाइटची. आजच्या मानाने ती नगण्य आहे. मोबाइलवरचे एखादे लहान छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. या मेमरीचे दोन भाग असतात. सुरुवातीपासून मुख्य प्रोग्रॅम आणि अगदी शेवटी बूटलोडर. फ्लॅशमध्ये लिहिण्याची आज्ञा ही चिप बूटलोडरच्या भागातून आली तरच पाळते. मुख्य प्रोग्रॅमने कितीही प्रयत्न केला तरी त्याला स्वतःला बदलता येत नाही. हे बंधन वरकरणी जाचक वाटले तरी कळफलकाचा जीव वाचतो तो त्यामुळेच. फर्मवेअर कितीही सदोष असो, बूटलोडरच्या कोपऱ्याला सहसा धक्का लागत नाही.

गंमत अशी की एकाच चिपमध्ये निरनिराळे बूटलोडर आढळतात आणि बाहेरून पाहून ते ओळखू येत नाहीत. कारखान्यातून येताना या चिपमध्ये अॅटमेलचा स्वतःचा 'डीएफयू' हा बूटलोडर असतो. यूएसबीच्या नियमावलीतच उपकरणांचे फर्मवेअर बदलण्याची एक रीत नमूद आहे, तिचे हे संक्षिप्त नाव. तो चार किलोबाइट जागा घेतो. मुख्य फर्मवेअरसाठी २८,६७२ बाइट उरतात. एकदा जागा झाला की हा बूटलोडर आज्ञेची वाट पाहत शांत बसून राहतो, त्याला घाई नसते. मेमरी पूर्ण पुसलेली असेल तर त्याला वेगळे जागे करण्याचीही गरज पडत नाही. रिकाम्या मेमरीतील आज्ञांना अर्थ नसल्यामुळे चिप पायरी-पायरीने घरंगळत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे थेट बूटलोडरपर्यंत येऊन पोहोचते.

'कॅटरिना'चा स्वभाव नेमका उलट. २०१२ मध्ये आलेल्या आर्डुइनो लिओनार्डोबरोबर हा बूटलोडर प्रसिद्ध झाला आणि 'प्रो मायक्रो' या बोटभर लांबीच्या स्वस्त पाटीमुळे हजारो कळफलकांत जाऊन बसला. तोही चार किलोबाइटच घेतो. पण जागा झाल्यावर केवळ आठ सेकंद थांबतो. तेवढ्यात संगणकाने संपर्क साधला तर ठीक, नाहीतर तो पुन्हा मुख्य प्रोग्रॅमकडे परततो. शिवाय मूळच्या प्रो मायक्रोवर त्याला जागे करण्यासाठी रीसेटची पिन पाऊण सेकंदाच्या आत दोनदा जमिनीशी, म्हणजे 'ग्राउंड'शी, जोडावी लागते. नवख्या माणसाच्या एका हातात चिमटा, दुसरा हात माउसवर आणि नजर पडद्यावर, अशा अवस्थेत ही आठ सेकंदे फार लवकर संपतात. आणखी एक खोच आहे. कॅटरिना संगणकाला जुन्या मोडेमसारख्या सीरियल पोर्टच्या रूपात दिसतो. काही लिनक्स प्रणालींत 'मोडेममॅनेजर' नावाची सेवा असा पोर्ट दिसताच तो मोडेम आहे काय याची चौकशी सुरू करते, आणि त्या चौकशीपायी फ्लॅश करण्याचा प्रयत्न फसतो. दोष कळफलकाचा नसतो, पण शंका मात्र आधी त्याच्यावरच घेतली जाते.

तिसरा 'हाफके'. पॉल स्टॉफ्रेगन यांच्या 'टीन्सी' पाट्यांवर तो असतो. एटीमेगा३२यू४ असलेल्या टीन्सीत तो अवघ्या ५१२ बाइटमध्ये मावतो, म्हणजे फर्मवेअरला ३२,२५६ बाइट मोकळे राहतात. चार किलोबाइटच्या बूटलोडरपेक्षा ही साडेतीन किलोबाइटची बचत दिव्यांची रोषणाई किंवा छोटा पडदा असलेल्या कळफलकांत निर्णायक ठरते. पाटीवर एक बटण असते, ते दाबले की काम झाले. या मंडळींत वापरायला सर्वांत निर्वेध हाच म्हणावा लागेल. मात्र त्याचा मूळ मजकूर खुला नाही आणि तो फक्त त्याच पाट्यांवर मिळतो.

या आकड्यांचे महत्त्व फर्मवेअर तयार करताना कळते. क्यूएमकेच्या प्रत्येक कळफलकाच्या माहितीत बूटलोडरचे नाव लिहावे लागते. ते नाव चुकले तर दोन घोटाळे संभवतात. एक म्हणजे उपलब्ध जागेचा हिशेब चुकतो आणि मावणार नाही एवढे फर्मवेअर तयार होते. दुसरा अधिक फसवा. कळफलकावरच बूटलोडर जागा करणारी एक कळ नेमून ठेवण्याची सोय क्यूएमकेत आहे. पण प्रत्येक बूटलोडरला जागे करण्याची रीत वेगळी असल्यामुळे नाव चुकल्यास ती कळ दाबूनही दार उघडत नाही. टंकन मात्र व्यवस्थित चालू राहते, त्यामुळे चूक महिनोन्महिने ध्यानात येत नाही. ती उघडकीला येते ती नेमकी गरजेच्या दिवशी.

सिलिकॉनमध्ये कोरलेला रखवालदार

बत्तीस बिटांच्या चिपा आल्यावर चित्र पालटले. एसटीएम३२ या मालिकेत उत्पादक कंपनी बूटलोडर फ्लॅशमध्ये ठेवत नाही, तर चिपच्या कायमस्वरूपी मेमरीत कोरून देते. तो पुसता येत नाही आणि म्हणून नाहीसाही होऊ शकत नाही. 'बूट०' नावाची पिन उच्च दाबाला जोडून रीसेट केले की तो हजर. कळफलकांत वापरल्या जाणाऱ्या एफ०७२, एफ३०३ किंवा एफ४११ या चिपांत तो यूएसबीवरून बोलतो. परंतु याच मालिकेतील अतिशय स्वस्त आणि लोकप्रिय एफ१०३ या चिपेतील कोरलेल्या बूटलोडरला यूएसबी येत नाही, केवळ सीरियल जोडणी कळते. त्यामुळे त्या चिपेवर फ्लॅशच्या सुरुवातीलाच आठ किलोबाइट जागा देऊन 'एसटीएम३२डुइनो' हा दुसरा बूटलोडर बसवावा लागतो. एकाच घराण्यातील दोन भावंडांच्या स्वभावात इतका फरक, आणि बाहेरून दोन्ही चिपा सारख्याच काळ्या चौकोनी.

जानेवारी २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिकोबरोबर आलेल्या 'आरपी२०४०' चिपेने या क्षेत्रात सर्वांत मोठा बदल घडवला. तिच्या पोटात फ्लॅश मेमरी मुळी नाहीच. ती शेजारच्या वेगळ्या चिपेत असते. बूटलोडर मात्र मुख्य चिपेत सोळा किलोबाइटच्या कायमस्वरूपी मेमरीत कोरलेला. 'बूटसेल' हे बटण दाबून धरून केबल जोडली की संगणकावर पेनड्राइव्हसारखी एक ड्राइव्ह दिसते. त्यात फर्मवेअरची फाइल टाकली की काम संपले. ना वेगळा प्रोग्रॅम, ना ड्रायव्हर.

ती ड्राइव्ह खरी नसते, हे सांगितल्याशिवाय या सोयीमागील युक्ती कळणार नाही. बूटलोडर ड्राइव्हचे सोंग घेतो. संगणक फाइलचे तुकडे कोणत्या क्रमाने पाठवील याचा नेम नसतो, म्हणून मायक्रोसॉफ्टने 'यूएफ२' ही फाइलची खास रचना तयार केली. तीत ५१२ बाइटचा प्रत्येक तुकडा आपला मेमरीतला पत्ता स्वतःबरोबर घेऊन येतो. टपालातली पाकिटे उलटसुलट आली तरी प्रत्येकावर पत्ता असल्यामुळे ती योग्य घरी पडतात, तसाच हा प्रकार. तुकड्याच्या आरंभी आणि शेवटी ठरावीक खुणेचे आकडे असतात. ते नसलेला मजकूर बूटलोडर सोडून देतो. त्यामुळे चुकून एखादे गाणे किंवा छायाचित्र त्या ड्राइव्हवर टाकले तरी चिपेचे काही बिघडत नाही.

दार कोण उघडते?

बूटलोडर शाबूत असणे वेगळे आणि त्याच्यापर्यंत पोहोचता येणे वेगळे. वाटा मुख्यतः तीन. पहिली, फर्मवेअरमध्ये नेमलेली कळ; हिच्याच जातीची दुसरी सोय म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातील कळ, बहुधा एस्केप, दाबून धरून केबल जोडणे. या दोन्हींत दार फर्मवेअर उघडते. तेच मोडले असेल तर दोन्ही व्यर्थ. दुसरी वाट रीसेट बटणाची, जिथे निर्णय बूटलोडर घेतो. तिसरी वाट थेट चिपेच्या पिनेची. एसटीएम३२ची बूट० आणि आरपी२०४०चे बूटसेल या वर्गातली. येथे कोणत्याही बदलता येणाऱ्या प्रोग्रॅमचा संबंध येत नाही.

पहिल्या दोन वाटांची गल्लत वारंवार होते. आरपी२०४०च्या अनेक कळफलकांवर रीसेटचे बटण पटकन दोनदा दाबले की ड्राइव्ह उघडते, म्हणून ती चिपेचीच करामत असावी असा समज होतो. वस्तुतः ही सोय फर्मवेअरमध्ये घातलेली असते. ती न घातलेले फर्मवेअर एकदा चढले की दोनदा काय, दहादा बटण दाबूनही काही होत नाही. तेथे बूटसेलच हवे. पाटीवर ते बटण कोठे आहे हे पेटीचे स्क्रू आवळण्याच्या आधी पाहून ठेवलेले बरे.

बिनतारी कळफलकांत ज्यांचा बराच वापर होतो त्या एनआरएफ५२८४० चिपांवरही यूएफ२ची ड्राइव्ह दिसते. पण तेथे बूटलोडर फ्लॅशमध्येच असतो, कोरलेला नसतो. दिसायला आरपी२०४०सारखाच, अभय मात्र तितके नाही.

विंडोजवर आणखी एक सापळा आहे. डीएफयू बूटलोडरशी बोलण्यासाठी तेथे योग्य ड्रायव्हर लागतो आणि तो बसवण्यासाठी 'झेडिग' हे साधन वापरतात. कळफलक बूटलोडरच्या अवस्थेत असताना ते वापरायचे असते. घाईत कळफलक नेहमीच्या अवस्थेत असतानाच ड्रायव्हर बदलला तर विंडोज त्याला कळफलक मानणेच सोडून देते. फर्मवेअर ठणठणीत, चिप ठणठणीत, दुसऱ्या संगणकावर टंकनही चालते. फक्त या एका संगणकावर कळफलक मुका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो ड्रायव्हर काढून टाकला की वाचा परत येते. मात्र एवढे काम माउसवर निभावावे लागते. कळफलकावर पुन्हापुन्हा फर्मवेअर चढवत बसणाऱ्याला ही साधी गोष्ट सुचायला कधी कधी सबंध रात्र जाते.

आणि बूटलोडरच खरोखर पुसला गेला तर? कोरलेल्या बूटलोडरच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. एटीमेगा३२यू४च्या बाबतीत उद्भवतो, पण तेथेही चिप मेलेली नसते. तिच्या सहा जोडण्या (वीज, ग्राउंड, रीसेट आणि माहितीच्या देवाणघेवाणीच्या तीन तारा) बाहेरच्या प्रोग्रॅमरला जोडून बूटलोडर नव्याने लिहिता येतो. त्यासाठी यूएसबीएएसपी हे स्वस्त उपकरण पुरते. तेही नसेल तर साधा आर्डुइनो हे काम करू शकतो. केवळ चिपेतील 'फ्यूज' नावाच्या मूलभूत निवडी बदलताना सावध राहावे लागते. घड्याळाचा स्रोत चुकीचा निवडला गेला तर प्रोग्रॅमरलाही ती चिप ओळख देत नाही. प्रो मायक्रोच्या बाबतीत एक कटू सत्य असे की इतक्या खटपटीने फर्मवेअरचा प्रश्न सुटतो, पण पाटीवरील नाजूक मायक्रो-यूएसबीचे तोंड उखडून हाती येते. त्यावर कोणताही बूटलोडर उपाय करू शकत नाही.

वारंवार फ्लॅश करण्याने मेमरी झिजते काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. एटीमेगा३२यू४च्या फ्लॅशची हमी दहा हजार वेळा लिहिण्याची आहे. रोज एकदा नवे फर्मवेअर चढवले तरी सत्तावीस वर्षे लागतील. शिवाय 'व्हिया'सारख्या प्रणालींमुळे कळांची मांडणी ईईप्रॉममध्ये किंवा तिच्यासाठी राखलेल्या जागेत जाते आणि फर्मवेअरला हात न लावता बदलते. त्यामुळे वर्षानुवर्षे बूटलोडरचे तोंडही न पाहिलेले कळफलकधारक आता पुष्कळ आहेत.

तथापि जे दार मालकाला सहज उघडते ते इतरांनाही उघडते. वर वर्णन केलेले बहुतेक बूटलोडर येणारे फर्मवेअर कोणाचे आहे हे तपासत नाहीत. योग्य रीतीने दार ठोठावले की जे येईल ते लिहून घेतात. आणि कळफलकावरून तर बँकेच्या पासवर्डपासून खासगी पत्रांपर्यंत सारे काही जाते. यूएसबी उपकरणाचे फर्मवेअर बदलून त्याला कळफलकाचे सोंग घ्यायला लावता येते, हे कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी २०१४ च्या ब्लॅक हॅट परिषदेत 'बॅडयूएसबी' या नावाने दाखवून दिले होते. येथे तर खऱ्याखुऱ्या कळफलकाचाच प्रश्न आहे. विक्रेत्याने मूळ मजकूर न देता नुसती तयार फाइल पाठवली तर तिच्यात काय आहे हे पाहण्याचा सोपा मार्ग ग्राहकाकडे नसतो. क्यूएमके ज्या परवान्याखाली वितरित होते त्या जीपीएलनुसार मूळ मजकूर मागण्याचा हक्क अशा ग्राहकाला आहे.

रीसेटचे बटण पेटीच्या आत, आठ स्क्रूंच्या मागे ठेवणाऱ्या उत्पादकांवर या छंदातील लोक चिडतात. खालच्या बाजूला छोटे भोक ठेवून कागदाच्या क्लिपेने ते दाबता यावे, अशी त्यांची मागणी असते. कार्यालयात टेबलावर उघडा राहणाऱ्या कळफलकाला मात्र ते आठ स्क्रूही थोडेफार उपयोगी पडतात, अर्थात एस्केप दाबून धरण्याची सोय फर्मवेअरमधून काढून टाकली असेल तर.